आसरांपुढचं मागणं

ओटी शुक्रवारी भरायची ठरली आणि गुरुवारी सकाळपासून घरात विजयमालाचा भाव एकदम वधारला. एरवी चहा जरा गार झाला तर तोंड वाकडं करणारा तिचा नवरा जोतीराम स्वतः कप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि ओट्याशी उभा राहून प्यायला. सासूबाई बनुबाई म्हणाल्या, दमली असशील, बस जरा. असं काही त्यांच्या तोंडून विजयमालाने लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. धाकटा साईराज तर आईच्या मागेमागेच घुटमळत होता, कोथिंबीर निवडून देऊ का म्हणून विचारत होता. विजयमाला काय ते समजून होती. हा लळा तिचा नव्हता, उद्या सकाळी ती सुनेच्या कानात काय सांगणार त्याचा होता.

कुंडलच्या शिवारातल्या ह्या मळ्यात, घराच्या कुंपणाच्या आतच विहीर आहे आणि तिच्या काठावर उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या सातीआसरा, पाण्यातल्या सात देवता. घरात नवी सून आली की पहिला स्वयंपाक करण्याआधी ती त्यांची ओटी भरते, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवते आणि एक मागणं मोठ्याने मागते. मागणं पुरं होतं. त्यात शंकेला जागा नाही, आणि ह्या घराचं जे काही वाटोळं झालं ते त्यातूनच झालं. मागते सून, पण काय मागायचं ते सासू तिच्या कानात सांगते. नव्या पोरीला काय कळतंय, हा त्यामागचा विचार. म्हणजे प्रत्येक सुनेच्या तोंडून बाहेर पडतं ते सासूच्या मनातलं, आणि स्वतःच्या मनातलं मागायला तिला स्वतःची सून येईपर्यंत कळ काढावी लागते. विजयमालाने तीस वर्षांवर कळ काढली होती.

आणखी एक अट आहे. विहिरीवर कुणाचं नाव घ्यायचं नाही, नातंही सांगायचं नाही. त्या विहिरीच्या काठावर ज्याचं नाव निघेल त्याला आसरा धरतात, हे आसपासच्या सगळ्या मळ्यांना माहीत आहे. त्यामुळे ह्या घरातली सगळी मागणी बिननावाची, आणि बिननावाच्या मागण्याचं काय होतं ते ओसरीवर खुर्ची टाकून बसलेलंच होतं.

ते म्हणजे नाथाजी, बनुबाईंचा नवरा. घरचे त्यांना आबा म्हणतात. बनुबाई लग्न होऊन आल्या तेव्हा चीनची लढाई लागली होती आणि नाथाजी फौजेत होते. बनुबाईंच्या सासूने नव्या सुनेच्या कानात सांगितलं आणि तिने घाबरत घाबरत मागितलं, की लढाईवर गेलेला माणूस घरी येऊ दे आणि पुन्हा ह्या घरातून न जाऊ दे. माणूस आला. पायात गोळी घेऊन आला, पण आला. पाय बरा झाला तसे ते एकदा गावात जायला निघाले, तर फाटकापाशी पाय आपोआप मागे वळले. सख्ख्या भावाच्या लग्नाला औंधला नेण्यासाठी त्यांना जीपमध्ये बसवलं, तर जीप चालू होईना. ते उतरले की चालू. शेवटी वऱ्हाड त्यांना सोडून गेलं. सारा जन्म त्या माणसाने कुंपणाच्या आत काढला, आणि सात वर्षांपूर्वी मेला.

म्हणजे मेला असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर येऊन बघून गेले. तिरडी बांधली, माणसं जमली, रडारड झाली. तिरडी फाटकापर्यंत आली आणि तिथून हलेना. आणखी खांदे लावले तरी हलेना. कुणीतरी ट्रॅक्टर आणायची भाषा काढली तेव्हा आबा तिरडीवर उठून बसले आणि मला खाली ठेवा म्हणाले. जमलेली माणसं चहा पिऊन आपापल्या घरी गेली. आता घरी जाऊन आंघोळ करायची की नाही, यावर वाटेत बराच वाद झाला म्हणतात. बनुबाईंनी पुसलेलं कुंकू पुन्हा लावलं. तेव्हापासून आबा ओसरीवर बसलेले आहेत. ते जेवत नाहीत, झोपत नाहीत, त्यांना डास चावत नाहीत. कुणी तब्येत विचारली तर बरी आहे म्हणून सांगायचं, असं घरात ठरलेलं होतं.

विजयमालाच्या वेळचं मागणं बनुबाईंचं. तेव्हा घरात भावाभावांची रोज जुंपायची. बनुबाई कंटाळल्या होत्या, त्यांनी सांगितलं आणि विजयमालाने मागितलं, की ह्या घरात भांडण होऊ नये. झालं. त्या दिवसापासून कुंपणाच्या आत कुणाचा आवाज रागाने चढला की घशातच विरतो. ओठ हलत राहतात, शब्द ऐकू येत नाहीत. ज्याला भांडायचं असेल त्याने फाटकाबाहेर जायचं. कालव्याच्या कडेला ह्या घराची भांडणं ऐकत सगळी वस्ती मोठी झाली. फक्त आबांना ती सोय नव्हती. त्यांना बाहेर जाता येत नव्हतं, त्यामुळे तीस वर्षांत त्यांचं एकही भांडण झालं नाही.

आणि वीरधवल गेला तो ह्यापायीच. पाच वर्षांपूर्वी रात्री जेवताना थोरल्या पोराचं आणि बापाचं बिनसलं. वीरधवलला ऊस-शेती नको होती, इथपर्यंतचं सगळ्यांनी ऐकलं. पुढचं ऐकायला आलंच नाही. बापाचे ओठ हलत होते, पोराचे ओठ हलत होते, आणि मध्ये विजयमाला भाकरी वाढत उभी होती. पोराने हात धुतला, बॅग भरली आणि गेला. फाटकाबाहेर तो थोडा वेळ थांबला होता, बापाची वाट बघत. जोतीराम उठला नाही. त्या रात्री पोरगं काय म्हणालं ते त्याला आजतागायत माहीत नाही. वीरधवल मिरजेत आहे, एका वर्कशॉपमध्ये कामाला. आईचा फोन आला की जेवलो, बरं आहे, एवढं बोलतो. इतक्या जवळ असून पाच वर्षांत एकदाही घरी आलेला नाही.

त्यामुळे सुनेच्या कानात काय सांगायचं ह्याबद्दल विजयमालाच्या मनात काडीचाही गोंधळ नव्हता. वीरधवल घरी यायला हवा. रात्रीच्या रात्री तिने हे एकच वाक्य घोळवलं होतं. जोतीराम चहा पिता पिता तेच सांगत होता, ती मान हलवत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं एखाद्या गोष्टीवर असं एकमत झालं होतं आणि त्याचं दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

*

नव्या सुनेला, प्रांजलला, लग्नाच्या दिवशीच शंका आली होती. पाया पडताना आबांच्या पावलांना हात लागला आणि ती गार लागली, पाण्याच्या घागरीसारखी. ती मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. साईराजशी तिचं लग्न कोर्टात झालं. ती जतकडची, तिच्या घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी, आणि ही बागायती माणसं. दोन्हीकडून कुरकुर झाली, मग दोन्हीकडची माणसं गप्प झाली. नव्या घरात आल्या आल्या म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावून बघणं बरं दिसणार नाही म्हणून तिने आठवडाभर धीर धरला. गुरुवारी दुपारी सगळे आत होते. ती आबांच्या खुर्चीजवळ बसली आणि सवयीने तिने त्यांचं मनगट धरलं.

नाडी लागेना. तिने दुसरा हात घेतला. मग मानेला बोटं लावून बघितली. आबांनी सगळं निमूटपणे करू दिलं.

"लागत न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आबा."

"सात वरसं झाली तिला थांबून."

प्रांजल घाबरली नाही. वॉर्डात तिने कितीतरी माणसांच्या तोंडावर चादर ओढली होती. तिला वाईट वाटलं. त्या माणसांची निदान पुढची सोय झाली होती. काही दुखतं का, असं तिने विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचलं नाही.

"दुखलं आसतं तर बरं झालं आसतं पोरी. झोप न्हाई, भूक न्हाई. रातभर ह्या खुर्चीत बसून कुत्र्याचं घोरणं ऐकतो. माझ्या बरूबरची समदी गेली. त्यास्नी पोचवायला बी मला फाटकाभायर जाता आलं न्हाई. आता मला कुनीतरी पोचवा." ते थोडं थांबले. "तुझ्या सासूला सांग. मी सांगितलं तर तिला हुकूम वाटंल. एकच मागनं हाय तिच्या हातात, ते मला दे म्हनायचं तोंड न्हाई मला."

तेवढ्यात प्रांजलचे वडील धुळा जतहून येऊन पोचले. लेकीच्या ओटीला माहेरचं कुणीतरी असावं लागतं. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी आबांना रामराम घातला, तब्येत विचारली, बरी आहे असं उत्तर मिळालं. मग त्यांनी जोतीरामला बाजूला घेतलं आणि सरळच विचारलं, की पाव्हणं, ह्या बायका मागतील ते मिळतं म्हणतात, तर आमच्या शिवाराला पाणी तेवढं मागून घ्यायचं का? टँकरची वाट बघून बघून डोळे गेले. जोतीरामने समजावलं की आम्ही पाणी मागितलं तर कदाचित तुमचं गावच विहिरीत जाईल, ह्या घराचा अनुभव तसा आहे. धुळांनी बराच वेळ विचार केला आणि मग तूर्त टँकरच बरा म्हणाले.

प्रांजलने स्वयंपाकघरात जाऊन सासूला आबांचा निरोप सांगितला. विजयमाला तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं, तोंड उघडलं, ओठ भराभर हलले आणि आवाज आला नाही. प्रांजलने हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. तिला वाटलं सासूला झटका आला, आणि ती तिची जीभ बघायला पुढे झाली. विजयमालाने तिचा पुढे आलेला हात धरला आणि सुनेला ओढत अंगणातून फाटकाबाहेर नेलं.

*

कालव्याच्या कडेला आल्यावर विजयमालाला कंठ फुटला. "तीस वरसं थांबलीया मी. तीस वरसं. माझ्या तोंडानं दुसरीचं मागनं मागितलं नि त्यानं माझं लेकरू घराभायर काढलं. आज माझी पाळी आली, तर तू परवा आलेली मला सांगतीस कुनासाठी काय मागायचं?"

"आई, आबांचे हाल बघवत न्हाईत."

"नि माझे?"

प्रांजलला गप्प बसता आलं असतं. ती बसली नाही. "तुमचा मुलगा जिता हाय, आई. मिरजेला हाय. आमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायला दादाच आले हुते. साईराजनं तुमाला सांगितलं न्हाई, तुमाला लागंल म्हणून."

विजयमालाला हे खरोखरच लागलं. पोरगं कोर्टात आलं होतं आणि आई त्याच वेळी इथे पाहुण्यांसाठी पुरणाची डाळ शिजवत होती.

"काय म्हनला?" तिने विचारलं.

"म्हणाले, आई फोनवर रोज म्हणती ये म्हणून. आई कवा आली न्हाई."

घर टाकून मी कशी जाणार, असं विजयमाला म्हणाली. ते भांडणातलं वाक्य नव्हतं, त्यामुळे हळू निघालं. तोवर साईराज आणि जोतीराम बाहेर आले होते, त्यांच्यामागे धुळा, आणि सर्वांत शेवटी काठी टेकत बनुबाई. आबा चालत फाटकापर्यंत आले आणि गजांना धरून आतल्या बाजूला उभे राहिले.

मग जुंपली. साईराज आबांच्या बाजूचा होता, ते त्याने स्पष्ट सांगितलं. माणसाला असं बसवून ठेवायला तो काय शोकेसमधला बाहुला आहे का, असं तो म्हणाला. जोतीराम म्हणाला, सात वर्षं बसलेत, आणखी थोडी बसतील, पोरगं आधी. हे बोलल्यावर त्याची नजर फाटकाकडे गेली आणि तो खाली बघू लागला. बनुबाईंनी काठी आपटली.

"माझं कुकू पुसायला निघालासा व्हय रं समदी? एकदा पुसून बघितलंय मी. अर्धा दिस. पुन्यांदा न्हाई पुसायची."

म्हणजे बनुबाई आणि जोतीराम एकीकडे, साईराज आणि प्रांजल दुसरीकडे, आणि सांगायचा हक्क ज्या एकटीचा ती विजयमाला मध्ये. धुळा पाहुणे म्हणून कालव्याकडे तोंड करून उभे होते, पण ऐकत सगळं होते. तेवढ्यात साईराजला एक शंका आली. नाव घ्यायचं नाही, नातं सांगायचं नाही, तर दादाला बोलवायचं ते कोणत्या शब्दांत?

विजयमालाचं वाक्य तयार होतं. इतकी वर्षं घोळवलेलं ते तिने पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. "ह्या घरातनं गेलेलं मानूस परत येऊ दे."

सगळ्यांना ते चांगलं वाटलं. फक्त बनुबाईंचा चेहरा उतरला.

"ह्या घरातनं काय येकटा वीरूच गेलाय व्हय?" त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. बनुबाई बोटांवर एकेकाला मोजायला लागल्या. चुलत सासरे गेले, दोन नणंदा गेल्या, पटकीच्या साथीत गेलेली पोरं होती. "आनि माझी सासू गेलीया," त्या म्हणाल्या.

सासूचे किस्से घरात सगळ्यांना पाठ होते. बनुबाईंना तिने चुलीतल्या लाकडाने मारलेल्याची खूण त्यांच्या कोपरावर अजून होती. साईराजला हसू आलं, पण दुसरं कुणी हसेना म्हणून त्याने ते गिळलं. ओसरीवर एका खुर्चीऐवजी ओळीने खुर्च्या मांडलेल्या विजयमालाला दिसल्या, आणि त्यांतल्या सगळ्यांत पुढच्या खुर्चीत आजेसासू. वीरूला बोलवताना ही सगळी पाठोपाठ येणार, आणि कधीच जाणार नाहीत.

"ती आली तर मी हितं घटकाभर ऱ्हायची न्हाई," बनुबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे वळल्या. गजांच्या आत ते तसेच उभे होते, गार पडलेले, कोरड्या डोळ्यांचे. इतक्या वर्षांत बनुबाईंनी त्यांना इतक्या लांबून कधी पाहिलंच नसेल. बायको फाटकाबाहेर, नवरा आत.

"तुमास्नी खरंच जायाचंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला कवा बोलला न्हाईसा."

"तू नगं म्हनली आसतीस," आबा म्हणाले. "मग मी चिडलो आसतो. आतल्या आत आवाज फुटला नसता, तुला ऐकायलाच आलं नसतं. मग कशाला बोलायचं."

बनुबाई तिथेच कालव्याच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांना रडू आलं नाही. मग त्या विजयमालाला म्हणाल्या, की बाई, त्यांना जाऊ दे. मी कधी मागितलंच नव्हतं हे, माझ्या तोंडाने दुसरीने मागितलं. तुझ्या माझ्यात काही फरक नाही बघ.

विजयमालाने फाटकाकडे पाहिलं. हा माणूस लग्नानंतर तिला कधी उलट शब्द बोलला नव्हता. बोलता येत नव्हतं म्हणून असेल, पण बोलला नव्हता. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाताना त्याने फाटकापाशी उभं राहून लांबपर्यंत हात हलवला होता. पोरगं परत येणार नाही, हे तिच्या मनाने त्याच क्षणी मान्य केलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि बरं म्हणाली. जोतीराम काही बोलणार होता, पण तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर असूनही त्याचा आवाज फुटला नाही.

आता शब्द कोणते, हा प्रश्न उरला. ह्या वेळी चूक नको, सगळं तोलून मापून, असं सगळ्यांचं म्हणणं. मेलेल्याला जाऊ दे म्हणावं, तर मेलेलं जाईल कुठं. म्हाताऱ्याला म्हणावं, तर बनुबाईही म्हाताऱ्याच. शेवटी कालव्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या धुळांनी सुचवलं. "सरळ म्हना की पाव्हणं. ज्येला ह्या घरातनं जायाचं हाय, त्येला जाऊ द्या."

हे सगळ्यांना पटलं. कुणावर जबरदस्ती नाही, कुणाला ओढून आणायचं नाही. तरी जोतीरामने खबरदारी म्हणून एकेकाला विचारून घेतलं. साईराज आणि प्रांजलला विचारलं, सांगलीत फ्लॅटबिट घ्यायचा विचार नाही ना? नाही म्हणाले. बनुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी कुठं जाणार आता. धुळा म्हणाले, मी पाहुणा, मी उद्याच्या गाडीने तसाही जाणार. तेव्हा पहिल्यांदाच सगळे थोडे हसले. विजयमाला त्याआधीच आत निघून गेली होती. उद्याच्या दहीभातासाठी दुधाला विरजण लावायचं राहिलं होतं.

*

शुक्रवारी सकाळी ओटी भरली. विजयमालाने सुनेच्या कानाशी तोंड नेलं आणि ठरलेलं वाक्य सांगितलं. प्रांजलने ते मोठ्याने, नीट, एकही शब्द न गाळता म्हटलं. विहिरीत काही हललं नाही. सात दगड होते तसे होते.

परत ओसरीवर आल्या तेव्हा आबांनी चहा मागितला. सात वर्षांनी मागितला. विजयमालाने धावत जाऊन केला, त्यांना लागायची तेवढी साखर घालून. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला, बनुबाईंकडे बघून गोड झालाय म्हणाले, आणि मग जांभई दिली. झोप आली म्हणाले. बनुबाईंनी त्यांच्या मानेमागे उशी ठेवली. थोड्या वेळाने प्रांजलने मनगट धरलं. नाडी कालही नव्हती, पण आज हात जड झाला होता आणि ओठांवर एक माशी येऊन बसली होती. सात वर्षांत त्यांच्याकडे माशी फिरकली नव्हती. बनुबाईंनी ती हाताने उडवली आणि मग त्या मोठ्याने रडल्या.

साईराजने फोन केले, त्यात दादालाही केला. माणसं जमली, पण अंग चोरून उभी राहिली, मागच्या खेपेची आठवण होती. तिरडी उचलली ती इतकी हलकी लागली की पुढचे दोघे धडपडले. फाटकातून ती सहज बाहेर गेली. पुढे जोतीराम हातात विस्तवाचं मडकं धरून. मडकं धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं.

बायका फाटकापर्यंतच जातात. विजयमालाही फाटकापर्यंत गेली. थांबायला म्हणून तिने पाय टेकला आणि तो पुढे पडला. दुसरा त्याच्यापुढे पडला. आधी तिला वाटलं, सासऱ्याला पोचवायला थोडं पुढे जावंसं वाटतंय आपल्याला. कालव्याच्या पुलापाशी माणसं डावीकडे स्मशानाकडे वळली आणि तिचे पाय उजवीकडे वळले, गाडीरस्त्याकडे. तिने थांबायचा प्रयत्न केला. पाय ऐकेनात. तेव्हा कुठे तिला कळलं की आपल्याला जायचं होतं. आजपासून नव्हे, फार वर्षांपासून जायचं होतं. वीरूने घरी यावं, एवढंच ती धरून बसली होती. आपण उठून जावं हे तिच्या कानात कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं.

प्रांजल मागून धावत आली. आई, आई म्हणून हाका मारत तिने सासूचा दंड धरला आणि मागे ओढलं. दोघी फरफटत पुढेच गेल्या. जोतीरामने त्या हाका ऐकल्या. त्याच्या हातात मडकं होतं. तो पुढे बघत चालत राहिला.

"सोड बाळ," विजयमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा विलक्षण मोकळा झाला होता. "मला बी ठावं न्हवतं गं. कुनी इचारलं आसतं तरी मी न्हाईच म्हनली आसती."

मिरजेकडची एसटी आली. विजयमालाच्या पायांनी तिला वर चढवलं.

*

चिता पेटल्यावर धुरापलीकडे मोटरसायकल थांबली. जोतीरामने डोळे पुसले आणि बघितलं. वीरधवल होता. तो अंगाने भरला होता आणि कानापाशी एक-दोन केस पांढरे झाले होते. बापाजवळ येऊन उभा राहिला. दोघे काही बोलले नाहीत, पण हे न बोलणं वेगळं होतं. परतताना जोतीराम पोराच्या गाडीवर मागे बसला. इतक्या वर्षांत मनाला एवढं हलकं त्याला वाटलं नव्हतं, आणि बापाच्या मातीहून येताना असं वाटावं ह्याची त्याला लाजही वाटली. न मागता आला पोरगा. विजयमालाला हे आपणच सांगायचं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत, असं त्याने ठरवलं.

फाटकात उतरून त्याने पाय धुतले, कडुनिंबाचं पान चावलं आणि तो थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "आगं, भायर ये. बघ कोन आलंय."

आतून प्रांजल आली. तिची साडी धुळीने भरली होती. ती वीरधवलकडे बघत राहिली आणि मग तिने झालेलं सगळं सांगितलं, हळू आवाजात, एकेक करून. बनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. धुळा फेटा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी बोललो ते वाक्य, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"मिरजेला?" वीरधवल म्हणाला. "खोलीला कुलूप हाय माझ्या. किल्ली माझ्यापाशी."

जोतीराम खाली बसला. सुतकात मडकं धरणाऱ्याला घर सोडता येत नाही. तेरा दिवस तो कुंपणाच्या बाहेर पडणार नव्हता, आणि त्याची बायको कुंपणाच्या आत येणार नव्हती. तिला घेऊन ये, असं तो पोराला म्हणाला. प्रांजलने मान हलवली. आणायला आपण जाऊ शकतो, पण आबांचे वळायचे तसे सासूचे पाय फाटकापाशी मागे वळतील, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं.

"तरी मी जातो," वीरधवल म्हणाला. "आई दारात बसून आसंल."

तो फाटकाकडे निघाला. जोतीराम त्याच्या पाठीकडे बघत होता. पाच वर्षांपूर्वी त्या रात्री काय म्हणालास, एवढं त्याला विचारायचं होतं. ते भांडण नव्हतं, आवाज फुटला असता. पण त्याचा धीर झाला नाही, आणि त्याच्याऐवजी प्रांजलच बोलली.

"दादा, तुमी तरी परत येशीला न्हवं?"

वीरधवल फाटकात थांबला. उत्तर द्यायच्या आधी त्याने खाली, स्वतःच्या पायांकडे बघितलं.